डॉ. विद्यासागरांनी उघडलेले फाटक आमच्यासाठी बंद का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मनोरुग्णाच्या नातेवाइकाला रुग्णासोबत राहू देणे व उपचार समजावून सांगणे.

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या पंधरवड्यात माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळला आणि त्याच्या ओठाला पाच टाके पडले. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. एका सरकारी रुग्णालयात ४१ दिवस राहून तो नुकताच घरी आला होता. त्या ४१ दिवसांत आम्हाला तो फक्त रविवारी, जाळीच्या दारातून दिसला. सोडताना आईच्या हाती क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाच्या गोळ्यांची पिशवी आणि सहीसाठी एक कागद दिला गेला, बाकी काही नाही. गोळ्या संपल्या तेव्हा औषध खिडकीवर साठा नव्हता, चार दिवस खंड पडला, आणि गोळ्या मिळाल्या त्या संध्याकाळी ७८ वर्षांच्या आईने त्याला नेहमीचीच पूर्ण मात्रा दिली. दोन दिवसांहून अधिक खंड पडला तर हे औषध पुन्हा अगदी थोड्या मात्रेपासून चढवत न्यावे लागते, नाहीतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, हे आम्हाला टाके घालून झाल्यावर एका खासगी डॉक्टरांकडून कळले.

दोन वर्षांपूर्वी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात, सहा महिन्यांत नातेवाइकांसाठी वेगळा कक्ष उघडेल आणि तिथे त्यांना माहिती दिली जाईल, असे व्यासपीठावरून जाहीर झाले होते. मी समोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या खोलीत आज मोडक्या खाटा रचलेल्या आहेत.

जागा नाही, माणसे नाहीत, असे मला प्रत्येक वेळी ऐकवले जाते, म्हणूनच मनोविकारतज्ज्ञ डॉ. विद्यासागर यांच्याविषयी आपल्याला लिहिणे मला भाग आहे. फाळणीनंतर लाहोरचे मनोरुग्णालय पाकिस्तानात गेले आणि तिथले सुमारे ४५० हिंदू-शीख रुग्ण १९५० च्या अखेरीस सीमेपलीकडून अमृतसरला आणले गेले. त्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाची धुरा विद्यासागरांकडे होती. रुग्णांची दाटी, हाताखाली मोजकी माणसे आणि डोक्यावर १९१२ चा, वेड्यांना कोंडून ठेवण्याच्या विचारातून आलेला इंग्रजी अमदानीतला कायदा, अशी त्यांची परिस्थिती होती. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या आईला, भावाला, बायकोला त्याच्याबरोबर तिथे राहायला बोलावले. शेजारच्या तंबूतला माणूस बरा होताना पाहून घरच्यांची भीती ओसरत गेली. विद्यासागर या कुटुंबांना एकत्र बसवून आजार म्हणजे काय, घरी गेल्यावर काय सांभाळायचे, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगत. रुग्ण लवकर घरी परतू लागले, आणि परतलेली कुटुंबे आपल्या गावात तेच ज्ञान घेऊन गेली. पुढे ते रोहतकच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले, १९७८ मध्ये वारले, आणि अमृतसरच्या त्या रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही. मला मात्र वाटते की त्यांचे सर्वांत मोठे विद्यार्थी वर्गात बसलेले नव्हतेच, ते त्या तंबूंत सतरंजीवर बसलेले शेतकरी आणि त्यांच्या बायका होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले, तिथेही घरच्या माणसाला रुग्णासोबत राहायला जागा दिली गेली. मग जे काम अमृतसरला कापडाच्या तंबूत झाले, त्यासाठी आपल्या राज्याला सत्तर वर्षांनंतरही खोली सापडू नये, हे मी कसे मान्य करू?

महोदय, २६ वर्षे मी हा आजार घरात सांभाळते आहे. त्यापायी माझे लग्न मोडले, वडिलांची पेन्शन औषधांत गेली, भाऊ घरातून निघून गेला तेव्हा तीन दिवस आम्ही एसटी स्टँड आणि रेल्वे फलाट पालथे घातले. या २६ वर्षांत सरकारदरबारी आमची आठवण दोनदाच होते, रुग्णाला दाखल करण्याच्या अर्जावर सही हवी असते तेव्हा आणि रुग्णाला घेऊन जा म्हणून सांगायचे असते तेव्हा. मधल्या काळात आम्ही फाटकाबाहेरची गर्दी असतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचारांचा हक्क देतो, समाजात राहण्याचा हक्क देतो, आणि पुरेसे मनुष्यबळ उभे करण्यासाठी सरकारांना दहा वर्षांची मुदत देतो. तो मे २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत २०२८ मध्ये संपते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी १२ राज्ये निवडली गेली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्यासारखी घरे किती, हे त्या मोजणीतही आले नाही. मला राग येतो तो एका रुग्णालयाचा किंवा एका डॉक्टरचा नाही. शंभर माणसांच्या रांगेपुढे एकटा बसलेला डॉक्टर मी रोज पाहते. राग येतो तो आजारी माणूस म्हणजे कुलूप लावून ठेवायची वस्तू, या समजुतीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा. १९१२ चा कायदा जाऊन किती वर्षे झाली, पण जाळीच्या दारावरचे कुलूप तेच आहे.

माझी मागणी मोठी नाही. रुग्णासोबत एका नातेवाइकाला राहू द्यावे. घरी सोडण्यापूर्वी त्याला अर्धा तास समोर बसवून गोळ्या, मात्रा, रक्ततपासणी, खंड पडल्यास काय करायचे, हे मराठीत सांगावे आणि लिहून द्यावे. क्लोझापीनसारख्या औषधाचा साठा संपू देऊ नये. खोली मिळेपर्यंत तंबू ठोकला तरी आम्ही त्यात राहू.

आणि एक विनंती माझ्या आईसाठी. तिने गोळ्यांचा डबा माझ्या स्वाधीन केला आहे आणि ती आता त्याला हात लावत नाही. आपल्याच हाताने आपण मुलाला पाडले, असे ती रात्री उठून म्हणते. मी सांगते ते तिला पटत नाही. आपल्या खात्यातल्या एखाद्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून, चूक तिची नव्हती, हे एकदा सांगावे.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची थोरली बहीण