बर्फ समुद्रावरचा की जमिनीवरचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्क्टिक महासागरावरील बर्फ वितळल्यामुळे समुद्राची पातळी वाढेल, असे विधान आपल्या अंकातील एका बातमीत वाचले. ही चूक इतरत्रही वारंवार होते आणि तिच्यामुळे खरा धोका वाचकाच्या नजरेतून निसटतो, म्हणून हे पत्र.

भूगोलाच्या तासाला मी स्टीलच्या पेल्यात बर्फाचे खडे टाकून तो पाण्याने काठोकाठ भरीत असे आणि टेबलावर ठेवून देत असे. तास संपेपर्यंत खडे विरघळून जात, पण पेला सांडत नसे, कारण तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. समुद्रावरच्या बर्फाचेही जवळपास तसेच आहे.

तो आटल्याने बिघडते ते वेगळेच. बर्फाने झाकलेला समुद्र सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवतो. तोच उघडा पडला की ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा शोषून तापतो आणि पुढच्या हिवाळ्यात गोठायला उशीर लावतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, त्याचे हे एक प्रमुख कारण. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला होता.

पातळी वाढवतो तो ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या जमिनीवरचा बर्फ. एकट्या ग्रीनलंडवर जगभरचा समुद्र सुमारे सात मीटरने चढेल इतका साठा आहे. त्यातही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे अवाढव्य हिमस्तर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतात. ते झिजले की ही ओढ ढिली पडते, जवळचे पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. पश्चिम अंटार्क्टिकावरच्या बर्फाची किंमत अशा रीतीने हजारो किलोमीटर अलीकडच्या कोकण-गोव्यासारख्या किनाऱ्यांना मोजावी लागते, ही बाब मला फार अस्वस्थ करते.

अंटार्क्टिकावरील मैत्री व भारती आणि आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरील हिमाद्री ही आपली संशोधन केंद्रे ज्या संस्थेमार्फत चालतात, ते राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यातच, वास्को येथे आहे. ध्रुवांविषयीची बातमी देताना तेथील शास्त्रज्ञांना एकदा विचारून घ्यावे आणि वितळलेला बर्फ समुद्रावरचा होता की जमिनीवरचा, हे त्याच वाक्यात नमूद करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, रत्नागिरी