उपकेंद्रावर रुजू होण्याआधी

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तुझी ऑर्डर निघाल्याचं कळलं आणि आईने आधी देवापुढे साखर ठेवली. आत्याचा मात्र लगेच फोन आला. बी.एस्सी. नर्सिंग केलेला पोरगा पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून खेड्यातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रावर कशाला येतोय, असं ती विचारत होती. तिला थोडक्यात सांगितलं, तुला सविस्तर लिहितो.

हॉस्पिटलात पेशंट चालत येतो, नाहीतर कुणीतरी आणतं. आला त्याची सेवा करायची, हे तू शिकलास आणि छान शिकलास. उपकेंद्राखाली सपाट भागात साधारण 5,000 माणसं येतात, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000. त्यातली जी तपासायला येत नाहीत, तीच तुझी खरी जबाबदारी. आरोग्यसेवक म्हणून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि हिवतापाच्या रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्या घेऊन मी वाड्या-वस्त्या फिरलो, तेव्हा आमच्या उपकेंद्राच्या नर्सचं, सिस्टरचं काम जवळून बघितलं. लसीकरणाचं सत्र संपलं की किती मुलं आली हे त्या शेवटी बघायच्या. आधी ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायची बाकी असलेल्यांची यादी, काढून कोण राहिलं त्यावर बोट ठेवायच्या आणि आशाताईंना विचारायच्या, "ही का आली नाही?" उत्तर कधी सासू असायचं, कधी शेतातली खुरपणी, कधी मागच्या डोसनंतर पोराला आलेला ताप. मग संध्याकाळी त्या घरी जाणं व्हायचंच.

एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या द्यायच्या, रोज एक, सहा महिने. गोळ्या घेतेस का म्हटलं की सगळ्याच हो म्हणतात. सिस्टर ते विचारतच नसत. बाईची खालची पापणी खाली ओढून लाली बघायच्या, मग शेजारी बसून हळू आवाजात विचारायच्या, "शी काळी होते का गं?" नाही म्हटलं की ओळखायच्या, गोळ्या डब्यात पडून आहेत. रागवायच्या नाहीत. मळमळतं का, पोटाला त्रास होतो का, हे काढून घ्यायच्या आणि रात्री जेवणानंतर घे, वर चहा पिऊ नको, असं सांगायच्या. ही नजर तुला त्यांच्यासारख्या बायकांकडूनच घ्यावी लागेल. पदाने तू उपकेंद्राचा प्रमुख असशील, तरी सिस्टरला आणि आशाताईंना अहो-जाहो कर. गावातली बाई अंगावरून पांढरं जाण्याचं दुखणं तुझ्यासारख्या ब्रदरला पहिल्या दिवशी सांगणार नाही. ती सिस्टरला सांगेल, आणि सिस्टरचा तुझ्यावर विश्वास असेल तरच ते तुझ्यापर्यंत येईल.

आपल्या बीड जिल्ह्यात हे किती महत्त्वाचं आहे, ते वेगळं सांगायला नको. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मला वाटतं, त्यातल्या कितीतरी जणींचं दुखणं पांढरं जाणं, कंबरदुखी, ओटीपोटात दुखणं इथूनच सुरू झालं असणार. बरीच दुखणी वेळेवर तपासून औषधाने बरी होण्यासारखी असतात. पण खाडा झाला की पैसे कापले जातात, उसाच्या फडावर दवाखाना जवळ नसतो, आणि कुणीतरी घाबरवलं की बाई मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऑपरेशनला तयार होते. त्याआधी भरवशाचं कुणीतरी तिच्याशी बोललेलं असायला हवं. ते माणूस तुझ्या उपकेंद्रातलं असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून रुजू झाल्यावर आधी आशाताईंबरोबर बसून ऊसतोडीला स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी कर. कोण गरोदर आहे, कितवा महिना, बाळंतपण कुठल्या कारखान्यावर येईल, कुठल्या बाळाचा पेंटाव्हॅलंट लसीचा डोस मध्येच राहणार. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दे, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पावसाने आणि उंदरांनी कागद टिकत नाही. त्यावरच्या नोंदी पूर्ण असल्या तर तिकडची सिस्टर पुढचा डोस बिनधास्त देऊ शकते. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर बघ, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सिस्टरबरोबर ठरवून घे. बीपीच्या गोळ्या बरं वाटलं की लोक बंद करतात. जाणाऱ्याला महिनाभराच्या गोळ्या देता येतात का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. ऑनलाइन नोंदी भरायला रात्र होईल, त्याचा कंटाळा येईल, मलाही रजिस्टरांचा यायचा. पण तपासणी न करता आकडा भरू नकोस. त्या आकड्यामागची बाई मग कुणाच्याच यादीत राहत नाही.

आई विचारत होती, दसऱ्याला घरी येशील ना? मी तिला समजावलंय. बहुतेक ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या दरम्यान निघतात. शेवटचा ट्रॅक्टर जाईपर्यंत तिथेच थांब, तपासण्या उरकून दिवाळीला ये.

तुझा,
बाबा