मालकंस टाकला, मशीन म्हणालं धानी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

नमस्कार साहेब,

मी सांगलीची. संवादिनी, म्हणजे पेटी, वाजवते, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मागे बसून, साथीला, आणि उरलेल्या वेळात क्लास घेते. हल्ली दर दोन दिवसांनी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतं की आता एआय गाणं शिकवणार, एआय साथ करणार, आणि खाली तीन हसरे इमोजी टाकून "ताई, आता तुमचं काय?" माझं काय ते मी बघेन. पण तुमच्याकडे सांस्कृतिक कार्य आणि माहिती तंत्रज्ञान अशी दोन्ही खाती आहेत, म्हणजे उद्या "संगीतासाठी एआय" असं काही निघालंच तर ती फाईल तुमच्याच टेबलावर येणार. ती यायच्या आधी मला दोन शब्द बोलायचेत. दोनाचे जरा जास्त होतील.

आधी सांगते की मी या गोष्टीच्या विरोधात नाही. मागे सात-आठ महिने मी स्वतः एका पीएचडी करणाऱ्या मुलासाठी लेबलिंगचं काम केलंय. काम असं, की हेडफोन लावून ख्यालाचं रेकॉर्डिंग ऐकायचं, समोर सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडलेलं, आणि जिथे जिथे सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येते तिथे खूण करायची, मग कुठून कुठपर्यंत आलाप, म्हणजे संथ विस्तार, कुठे बोलआलाप, म्हणजे तोच विस्तार शब्द घेऊन, कुठे तान, म्हणजे भराभर स्वर, सुरू झाली, हे सगळं. तासाभराच्या एका ख्यालाला मला सहा-सात तास लागायचे. नवरा म्हणायचा, कारकुनी सुरू केलीस का? कारकुनीच आहे, पण ही कारकुनी करायला वीस वर्षं गाणं ऐकलेलं असावं लागतं, हे त्यालाही नंतर पटलं.

एक गंमत सांगते. त्या मुलाने एकदा मालकंस रागाचं रेकॉर्डिंग राग ओळखायला मशीनला दिलं. मशीन म्हणालं, धानी, म्हणजे भलताच राग. मुलगा वैतागला, कोड परत तपासायला लागला. मी म्हटलं, अरे कोड राहू दे, आधी तानपुरा ऐक. मालकंसात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली. मशीनने तो मध्यमच सा धरला. आता मध्यमाला सा धरून मालकंस मोजा, कोमल धैवत होतो कोमल गंधार, कोमल निषाद होतो मध्यम, वरचा सा होतो पंचम आणि वरचा कोमल गंधार होतो कोमल निषाद. सा ग॒ म प नि॒. झाला ना धानी! मशीनचं गणित चोख होतं, फक्त कुठे उभं राहून मोजायचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या क्लासमधली दहा वर्षांची पोरगी ही चूक करणार नाही, कारण ती आधी तानपुऱ्याशी सा लावून घेते आणि मग तोंड उघडते.

दुसरी गंमत विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाची; हा बारा मात्रांचा ताल. ठेक्याचा वेग शोधणारे तयार प्रोग्रॅम असतात, ते पाश्चात्य पॉप आणि डान्सच्या गाण्यांवर घडवलेले, मिनिटाला साठ-सत्तर ते दीडशे-पावणेदोनशे ठोके एवढंच त्यांचं जग. आमच्याकडे अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असते, अख्खं आवर्तन पाऊण मिनिटाचं, आणि मधली जागा तबलजी भरत असतो. मशीनने त्या भरणाचे ठोके मोजले आणि ऐटीत सांगितलं, वेग अमुक. सम? सम त्याला सापडेचना. सम म्हणजे नुसता जोरात पडलेला धिं नव्हे हो, कधी गायक समेच्या आधी शब्द संपवतो, कधी मुद्दाम समेवरून पुढे निघून जातो, आणि तेव्हा समोर बसलेल्यांच्या माना ज्या ठिकाणी हलतात ती सम. माना काही रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत.

हे असं का होतं त्याचं कारण साधं आहे. पियानोच्या बाबतीत हे संशोधन भराभर पुढे गेलं कारण त्यांच्याकडे डेटा आहे. गूगलच्या मजेंटा टीमने २०१८ साली साधारण दोनशे तासांच्या पियानोवादनाचा एक संग्रह सगळ्यांसाठी खुला केला, अमेरिकेतल्या एका पियानो स्पर्धेत दहा वर्षं लोक जे वाजवत होते ते. त्या पियानोलाच सेन्सर बसवलेले होते, कोणती पट्टी कितव्या मिलिसेकंदाला, किती जोरात दाबली, पेडल कधी सोडलं, सगळं आपोआप नोंदलं गेलं. म्हणजे लेबलिंग करायला माझ्यासारखी कोणी बसावीच लागली नाही. आमच्या गळ्याला कुठे सेन्सर लावणार? मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ही दोन पट्ट्यांच्या मधली जागा, आणि नेमकी तीच जागा आमचं गाणं.

गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी जी सॉफ्टवेअर आहेत, तीही बहुतेक दीडशे पाश्चात्य गाण्यांच्या एका संग्रहावर शिकलेली. त्यांचे कप्पे चार: गळा, ड्रम, बेस आणि इतर. मी माझंच एक साथीचं रेकॉर्डिंग त्यात टाकून बघितलं. डग्ग्याची घुमक बेसमध्ये गेली, तानपुरा "इतर"मध्ये, आणि माझी पेटी गळ्याच्या मागे-मागे चालते म्हणून अर्धी गळ्यात आणि अर्धी "इतर"मध्ये. तशी आम्हा साथीदारांना "इतर"मध्ये बसायची सवय आहे, ती गोष्ट निराळी.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या लॅबमध्ये कितीतरी वर्षं हे काम चाललंय. भूप आणि देशकार घ्या, दोघांचेही स्वर तेच, सा रे ग प ध. फरक असतो तो कोणत्या स्वरावर किती राहायचं, कुठून कुठे जायचं याचा. तर त्यांनी गायकांच्या रेकॉर्डिंगमधून कोणता स्वर किती वेळ लागला याचे आलेख काढून हा फरक आकड्यांत दाखवला. आणि बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेर्रा यांनी २०११ ते २०१७ कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प चालवला, त्यात हिंदुस्तानी होतं, कर्नाटकी होतं, तुर्की मकाम होतं, चीनचा बीजिंग ऑपेरासुद्धा होता. पैसा युरोपियन रिसर्च कौन्सिलचा. म्हणजे आपल्या ख्यालाचा नीट लेबल लावलेला, संशोधनाला खुला संग्रह उभा राहायला स्पेनमधला एक माणूस आणि युरोपचा पैसा लागला, याचा मला आनंदही होतो आणि थोडी लाजही वाटते.

लाज अशासाठी, की ही सुरुवात आमच्याच गावात झाली होती. १९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल या सांगलीच्या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांवर, पुस्तक छापलं. नुसते ग्रंथ वाचून नाही, तर अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून, त्यांचे स्वर मोजून. क्लेमेंट्स नावाचे ब्रिटिश काळातले आयसीएस (सनदी) अधिकारी त्यांच्या सोबत होते, त्यांनी तर त्या मापांवर इंग्लंडमधून श्रुती हार्मोनियम बनवून आणली. पुढे १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलीच वाजली. एका गायकाच्या मापावरून सगळ्यांचं गाणं बांधता येईल का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजच्या मशीन लर्निंगवाल्यांपुढेही अगदी तोच आहे. फक्त मला देवलांची एक गोष्ट फार आवडते, त्यांनी आधी गवयाला समोर बसवलं आणि मग मोजपट्टी काढली. आपल्याकडे आता उलटं व्हायची भीती वाटते.

गाण्याचं सोडा, बाकीच्या शास्त्रांत बघा. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं अल्फाफोल्ड नावाचं एआय बनवणाऱ्यांना मिळालं, प्रोटीनची घडी कशी पडते ते मशीनने ओळखून दाखवलं म्हणून. सगळीकडे मशीनचं कौतुक झालं. पण ते मशीन शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर. ती १९७१ साली सात रचना घेऊन सुरू झाली, मग जगभरच्या लॅबमधल्या लोकांनी एकेक रचना महिनोन्महिने खपून शोधली आणि तिथे फुकट जमा केली, पन्नास वर्षं, तेव्हा कुठे अल्फाफोल्डला शिकायला दीड लाखाच्या वर रचना मिळाल्या. पक्ष्यांचा आवाज ओळखणारं ते मर्लिन ॲप माझ्या भाच्याच्या फोनमध्ये आहे, त्याचंही तेच, आधी जाणकारांनी रेकॉर्डिंगच्या आलेखावर चौकटी आखून सांगितलं की हा अमुक पक्षी. मशीन नंतर आलं. आधी कोणीतरी कारकुनी केली.

आता आमच्याकडची कारकुनी कुठवर आलीये ते सांगते. इथल्या एका जुन्या संगीत मंडळाच्या कपाटात, नाव नको, स्पूल टेप आणि कॅसेट मिळून तीनशेच्या आसपास नग आहेत. मी स्वतः मोजलेत. काहींना बुरशी आलीय. एका कॅसेटवर लिहिलंय "पूरिया", आणि पहिल्या बाजूला खरोखर पूरिया आहे, सुंदर आहे, आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी वरून कीर्तन टेप केलंय, मध्येच एक बाई म्हणतात, "अगं, दूध बघ गं." एका स्पूलवर फक्त "बुवा, रात्र, चांगलं" एवढंच लिहिलंय. कोण बुवा? साथीला कोण? आणि साथीदाराचं नाव तर तीनशेपैकी बारा ठिकाणी आहे फक्त. स्पूल वाजवायचं चालू मशीन आख्ख्या जिल्ह्यात मला मिळालं नाही. युनेस्कोने २०१९ लाच मॅग्नेटिक टेप अलर्ट म्हणून मोहीम काढून जगाला सांगितलं होतं की २०२५ च्या आसपासपर्यंत उरकून घ्या, पुढे टेप वाजवायची यंत्रं आणि सुटे भाग मिळायचे नाहीत. ते वर्ष उजाडलं तेव्हा आमचं कपाट होतं तिथेच होतं.

एकदा एका सरकारी संस्थेने असं काही डिजिटाइझ केलेलं मी बघितलंय. टेंडर निघालं होतं, सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम गेलं आणि त्याने सगळं एमपीथ्रीमध्ये करून दिलं, फाईलींची नावं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. वर कळस म्हणजे आवाज "स्वच्छ" करायच्या नादात तानपुराच गाळून टाकलेला, त्याला तो खरखर वाटला असणार. आता त्या फाईलींना सा काय ते शोधत बसा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, की एआय विकत घेऊ नका. त्याचं सेंटर, त्याची बिल्डिंग, त्याचं उद्घाटन, यातलं काही आत्ता नको. ॲप आज एक येईल, दोन वर्षांत दुसरं येईल. पैसा घालायचाच तर या ऐकण्याच्या कामात घाला. टेप चांगल्या दर्जात उतरवा, शहाण्णव किलोहर्ट्झ, चोवीस बिट, काही न पुसता. आणि मग प्रत्येक रेकॉर्डिंगला बसून लेबल लावायला माणसं ठेवा, राग, ताल, मूळ स्वर (सा), समेच्या जागा, कोण गायलं, कोण वाजवलं. माणसं आहेत. संगीत विशारद होऊन फोन कंपनीच्या कॉल सेंटरला बसलेली पोरं आहेत. ज्येष्ठ कलावंत म्हणून तुम्ही ज्यांना मानधन देता ते म्हातारे आहेत, त्यांना एक आलाप ऐकवला तर कोणत्या घराण्याचा, कोणाचा शिष्य, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगतात. त्या सांगण्याचे वेगळे पैसे द्या, तासाप्रमाणे, मानधनात धरू नका. आणि नुसतं ख्यालापुरतं ठेवू नका, लावणी आहे, पोवाडा आहे, गोंधळ, भारूड, यांची तर लेबल लावलेली पाच तासांची फाईल कुठे असेल असं मला वाटत नाही. संबळ म्हणजे काय ते त्या चार कप्प्यांच्या सॉफ्टवेअरला विचारून बघा एकदा.

परवानगीचं मात्र आधी ठरवा. मी एका गायकाच्या घरी टेप मागायला गेले तर त्यांच्या सूनबाईंनी पहिलं हेच विचारलं, "आबांचा आवाज काढून कोणी जाहिरातीत वापरणार नाही ना?" मला उत्तर देता आलं नाही. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंग यांच्या बाजूने आदेश दिला, त्यांचा आवाज एआयने परवानगीशिवाय बनवायचा नाही असा. पण ते हायकोर्टात जाऊ शकले. आबांच्या घरचे नाही जाऊ शकत. तेव्हा संग्रहाच्या अटीतच मराठीत, समजेल असं लिहा, की अभ्यासाला घ्या, पण या रेकॉर्डिंगवरून कोणाचा नकली गळा बनवायचा नाही, आणि कोणी यातून धंदा केला तर वाटा घरच्यांना आणि साथीदारांनाही. तुमचं आयटी खातं इथे कामाला लावा, तेवढं त्यांना जमेल.

अजून एक. त्या मुलाने नंतर मशीनला मूळ स्वर आधी सांगायला सुरुवात केली, आणि मग मालकंसाला ते मालकंसच म्हणायला लागलं. भूप-देशकारात अजून गडबडतं, पण माझ्या क्लासमधली निम्मी मुलंही गडबडतात, तेव्हा मी त्याला फार बोलत नाही. शिकणारं पोर आहे ते, नीट शिकवणारा बसला पाहिजे त्याच्यासमोर.

कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असते. कोणी माणूस पाठवणार असाल तर मे संपायच्या आत पाठवा, त्या खोलीचा पत्रा कपाटाच्या बरोबर वर गळतो.

आपली,
सांगलीची एक पेटीवाली