दगडापाशी ठेवलेले दोन रुपये

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. फोटोत हडकलेली दिसते, कारण यंदा पहिल्यांदाच जाड कोटाशिवाय काढलाय.

‘जंगलात गेले होते’ म्हटल्यापासून आईच्या जिवाला घोर लागलाय, म्हणून सांगते. एकटी नव्हते, ऑफिसातल्या चौघी होतो. गोचिडांच्या भीतीनं पॅन्ट मोज्यांत खोचली होती. आणि ते काही पेंच नव्हे. रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

इथे जिओकॅशिंग नावाचा अजब खेळ आहे. कोणीतरी डबा लपवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण मोबाइल घेऊन शोधायचं, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून यायचं. बक्षीस? काही नाही! आतली वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. आई म्हणेल, ‘यायले कामं नाहीत का बापा?’ मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसनं दाखवलेल्या जागेत मुद्दाम ठेवलेली चूक काढली, तर दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकानं पहिली बादली लपवली. घ्या!

आमचा डबा कनेक्टिकटमधल्या एका गावाबाहेर, एका जुन्या फौजेच्या मुक्कामाची आठवण म्हणून बसवलेल्या दगडाजवळ होता. बाबा, हे खास तुमच्यासाठी: १७८१ मध्ये सेनापती रोशांबोची फ्रेंच फौज इंग्रजांशी लढणाऱ्या वॉशिंग्टनच्या मदतीला इथूनच मजल दरमजल करत गेली. त्या लढाईत यॉर्कटाउनला ज्याची फौज शरण आली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल झाला! मला आजीची कामठी आठवली. तीही छावणीच, १८२१ची. फक्त इथली फौज सकाळी तंबू उचलून निघून गेली.

डब्यात संत्रा बर्फी ठेवणार होते, पण खाण्याचं चालत नाही. वासानं जनावरं येतात. मग दोन रुपयांचं नाणं ठेवलं. आईनं निघताना दिलेलं नाही, ते देवाजवळच आहे. वहीत मराठीत ‘नागपूर’ लिहिलं आणि उगाच दोनदा वाचलं.

हप्त्याचे पैसे परवा पाठवले. पाच हजार कमी आहेत, गाडीनं खर्च काढला. पुढच्या महिन्यात भरते. वहिनीच्या साडीचे वेगळे आहेत, त्यातून घेऊ नका. अमरावतीच्या स्थळाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाहीये, आधी दादाचं होऊ द्या.

आणि साक्षगंधाला येणं जमत नाहीये. सुट्टी लग्नासाठी राखून ठेवलीय, खरंच. दादाला मीच सांगते, तुम्ही सांगू नका. मुहूर्त सकाळचा म्हणजे इथे मध्यरात्र. फोन चालू ठेवा, मी जागी असेन.

तुमची,
धाकटी