होडीच्या फिनिशिंगवर पण लिहा की

मा. संपादक,
घरच्या घरी छोटी होडी बांधणाऱ्यांसाठी पेपरात काहीतरी येऊ द्या, खास करून फिनिशिंगवर. लोक चांगलं आयएस ७१० चं (हे मरीन प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, आणतात आणि मग त्यावर लावलेली इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, घट्ट होणारं रेझिन) सुकली की लगेच पॉलिश पेपर मारायला घेतात, पण वर जो मेणचट थर येतो तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायलाच हवा, नाहीतर पेपर चोंदतो आणि पुढे रंग पण नीट धरत नाही. खड्डे भरायला इपॉक्सीत मायक्रोबलून्स (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) मिसळा, आणि घासायला पॉलिश पेपर लावलेली लांब लवचिक पट्टी घ्या, ती आधी एका आणि मग दुसऱ्या दिशेने तिरकी फिरवा, कारण छोटा सँडर (घासायचं मशीन) उंचवट्यांवरून तसाच फिरतो आणि लाटा राहतात. मास्क घालाच, ती धूळ फार वाईट! आणि नुसती इपॉक्सी उन्हात टिकत नाही, वर रंग हवाच.

- एक वाचक, मालवण