बाबा, तुमची एफडी मोडायची नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

भाड्याने देण्यासाठी घ्यायचा म्हणतेय तो पुण्यातला वाकडचा वन बीएचके परवा पुन्हा पाहून आले. ४२ लाखांवर विकणारा अडून बसलाय. बांधकाम चालू असलेला घ्यायचा नाही, हे मात्र पक्कं: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) हातात असलेला, माणसं राहत असलेल्या इमारतीतलाच घ्यायचा. नाहीतर हप्ता सुरू आणि भाडं शून्य.

बाबा, आकडे तुम्ही विचारलेत म्हणून. कर्ज ३० लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिना साधारण २६ हजारांचा हप्ता. भाडं १७ हजार, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार. म्हणजे दरमहा साडेअकरा हजार माझ्या पगारातून जाणार, शिवाय वर्षात एखादा महिना घर रिकामं राहणार, हे मी धरूनच चाललेय. तुमच्या एफडीचं व्याज या भाड्यापेक्षा बरं आहे, म्हणून ती मोडायची नाही. हौस माझी आहे, तर कळ मीच सोसते.

भाडेकरू उठलाच नाही तर, ही तुमची धास्ती आजोबांच्या वाड्यातून आलीय. पुण्याच्या त्या वाड्यात १९४७ च्या भाडे कायद्याखालचे भाडेकरू होते. भाडं गोठलेलं, वर कौलं फुटली तर आजोबांनीच बदलायची. आता आपण लिव्ह अँड लायसन्सचा करार करणार. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही’ असं शेजारचे काका सांगतात ना, ते महाराष्ट्रात चालत नाही. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर त्याला करारातल्या भाड्याच्या दुप्पट शुल्क भरावं लागतं. नोंदणी घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती मी इथून बंगळुरूहून ऑनलाइन देईन. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा पैसे मागेल, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत.

तेव्हा दर महिन्याला एसटीने साताऱ्याहून वाकडला जाऊन ‘नुसती एक चक्कर’ मारायची नाही. तुमचा गुडघा आणि तुमचा स्वभाव, दोन्ही मला माहीत आहेत. नळ गळतोय म्हटल्यावर तुम्ही स्वतः पान्हा घेऊन बसाल. तिथल्याच एका प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर भाडेकरूला देऊन ठेवणार आहे. बिल मला येईल. तुमच्याकडून मला एकच हवंय: साठेखतावर (खरेदीच्या आधीच्या करारावर) सही करण्याआधी वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, तुमच्या डोळ्यांखालून जाऊ दे. ३५ वर्षं कागद वाचलेत तुम्ही.

आता नावाचं. तुमचं नाव जोडीला लावायचं म्हणालात, पण खरेदीखत फक्त बायकांच्या नावावर असेल तरच मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तुमचं नाव आलं की ४२ हजार गेले. आईचं लावलं तर सवलत टिकते. बँक तिची कर्जावरही सही घेईल, हप्ता मात्र माझ्याच खात्यातून जाईल.

आई, तुझं पॅनकार्ड आणि दोन फोटो पाठव. आणि चालेल की नाही ते तू सांग, बाबांना विचारून नको.

तुमची,
चिमी