नळी बांधताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, आणि मशीनवरचं काम फोनवर सांगून नीट कळतही नाही, म्हणून लिहायला बसलो. रायफलच्या नळीचं तोंड दुरुस्त करायचं पहिलं काम तुझ्याकडे आलंय, लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) लहान आहे, आणि एवढी लांब नळी धरायची कशी असं तू विचारलंस. कापायचं कसं हे न विचारता धरायचं कसं हे विचारलंस, याचा मला फार आनंद झाला. या कामात कट पाच-दहा मिनिटांचा असतो. बांधण्यात अर्धा दिवस जातो, आणि तो गेला तरी हळहळायचं नाही.

मशीनपाशी जाण्याआधी चेंबर (काडतूस बसतं ती नळीतली जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघ आणि बोट घालूनही बघ. नळी ॲक्शनमधून (बोल्ट असतो त्या भागातून) सुटी करून आणली असली तरी बघ. परवान्याचे कागद पूर्ण असल्याशिवाय काम हातात घ्यायचं नाही. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिल्याशिवाय मला झोप लागली नसती.

गोळी नळीतून सुटते तेव्हा तिचा बूड सगळ्यात शेवटी तोंडाची कड सोडतो, आणि त्याच क्षणी मागचा दाबलेला वायू बाहेर फुटतो. कड सगळीकडून सारखी असेल तर वायूही सगळीकडून सारखा सुटतो. एका जागी टवका असला की वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला एका अंगाला ढकलतो. मग नेमबाज कितीही चांगला असो, गोळ्या पसरतात. पुष्कळदा तोंडाकडून सफाईचा गज घालून घालून तिथली रायफलिंग (भोकातल्या पिळाच्या खाचा) झिजलेली असते. काढायचं असतं थोडंसंच. पण नवी कड भोकाच्या अक्षाला काटकोनातच यायला हवी. भोक खोल ड्रिलनं पाडलेलं असतं आणि ड्रिल जाता जाता थोडं सरकतं, त्यामुळे नळीचा बाहेरचा गोल आणि आतलं भोक यांचं केंद्र एकच असेल याची खात्री नसते. बाहेरून डायल (काट्यानं बारीक हालचाल दाखवणारं माप) लावून काटा स्थिर दिसला म्हणून भोक सरळ फिरतंय असं समजू नकोस.

आता तुझा लेथ. आधी टेप घे. तुझी नळी ६१० मि.मी. आहे म्हणालीस. टेबलावरच्या लहान लेथच्या स्पिंडलचं (फिरणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक बऱ्याचदा २० मि.मी. असतं आणि नळीचा बूड, म्हणजे मागचं जाड टोक, ३० मि.मी.च्या आसपास. म्हणजे स्पिंडलमधून न्यायची तर मागच्या बाजूनं, बारीक तोंड पुढे करून घालावी लागेल, आणि जाड भाग मागे अडण्याआधी तोंड चकच्या (काम जबड्यांत धरणाऱ्या भागाच्या) पुढे यायला हवं. तेवढं जमत असेल तर हीच पद्धत कर, कारण तोंड चकच्या जवळ असलं की ते थरथरत नाही. मात्र स्पिंडलच्या मागच्या टोकाला चार स्क्रूंची रिंग बसवून तिथेही नळी धरायची. मागे लोंबकळणारा मोकळा लोखंडी दांडा वेगात वाकून चाबकासारखा फिरू लागला की तो थांबवता येत नाही. सुरुवातीला सगळ्यात कमी वेग ठेव आणि मागे कुणालाही उभं राहू देऊ नकोस.

तसं जमलं नाही तर बूड चकमध्ये आणि तोंडाकडे स्टेडी, म्हणजे लांब कामाला तीन बोटांनी आधार देणारी चौकट. त्यासाठी लेथची लांबी पुरायला हवी. इथेच मी एकदा फसलो होतो, ते सांगतो. मी नवा असताना स्टेडीची तीन बोटं अंदाजानं नळीला टेकवली, डायल लावला, काटा जागचा हलेना. मला वाटलं काम झालं. कट घेतला तर कापलेलं तोंड बशीसारखं खोलगट येत गेलं, आणि थोड्या वेळानं नळी चकच्या जबड्यांतून सरकून पुढे आली. टूल रुतलं आणि दुरुस्त करायच्या कडेवर मीच नवा टवका पाडला. स्टेडी नळीला जिथे धरते तिथेच नळी फिरते, म्हणून तिथला काटा स्थिर राहणारच, मग स्टेडी लेथच्या अक्षापासून एक मिलिमीटर बाजूला का असेना. चक एका रेषेवर फिरवतोय आणि स्टेडी दुसऱ्या, मधली नळी प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि हळूहळू बाहेर चालू लागते. ती नळी मालकाला परत देताना मला मान वर करता आली नाही.

म्हणून तू असं कर. एक जाड स्लीव्ह बनव, आतून नळीपेक्षा दोन-तीन मि.मी. मोठी, बाहेरून तुझ्याच लेथवर गोल आणि गुळगुळीत काढलेली. तिच्या दोन्ही टोकांना चार-चार स्क्रू, स्क्रूंच्या टोकाला पितळ. नळी निमुळती असते आणि स्टेडीची बोटं निमुळत्या अंगावर नीट बसत नाहीत, वर ओरखडेही पाडतात. बोटं टेकतील ती या स्लीव्हवर. बूड चार जबड्यांच्या चकमध्ये धर, पण जबड्यांखाली तांब्याच्या जाड तारेचं एक वेढं दे, म्हणजे नळी त्या रेषेवर थोडी कलू शकेल. जबडे जीव खाऊन आवळू नकोस. चकजवळ बाहेरून डायल लावून बूड मध्यावर आण. तिथे ०.०५ मि.मी. चूक राहिली तरी ती ६०० मि.मी. लांबीवर पसरते, त्यामुळे तोंडाशी तिचा त्रास जवळजवळ नाही.

तोंडाशी सेंटर (टेलस्टॉकमधला, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारातला, टोकदार खिळा) थेट टेकवायचा मोह होईल. तो टाळ. सेंटर बसतो नेमका त्या खराब कडेवर, आणि टवका त्याला बाजूला ढकलतो. त्याऐवजी भोकात घट्ट सरकणारी पिन घाल, तिच्या बाहेरच्या टोकाला सेंटरचं भोक पाडलेलं असू दे, आणि टेलस्टॉकचा सेंटर त्यात लाव. टेलस्टॉक आधी हेडस्टॉकच्या (स्पिंडल असतो त्या टोकाच्या) रेषेत आहे ना, हे तपासलेलं हवं. आता भोक अक्षावर आलं. मग स्लीव्हचे स्क्रू पुढेमागे करत तिचा बाहेरचा गोल डायलखाली स्थिर कर. त्यानंतरच स्टेडीची बोटं हळूच टेकव, तेल दे, टेलस्टॉक मागे घे, पिन काढ.

आणि शेवटी डायलचं लांब टोक खुद्द भोकात घाल. ७.६२ मि.मी.च्या नळीत खाचा सुमारे ०.१ मि.मी. खोल असतात, म्हणून काटा प्रत्येक खाचेवर तेवढा उडी मारेल. घाबरू नकोस, वाचन फक्त उंचवट्यांवरचं घे. चक हातानं फिरव, प्रत्येक उंचवट्यावरचा आकडा कागदावर लिही. सगळे ०.०१ मि.मी.च्या आत आले की चहा पिऊन ये आणि परत एकदा बघ. स्क्रू बसल्यावर थोडे ढिले पडतात.

कट साधा आहे. तोंडापासून आत थोड्या अंतरावर तेलात भिजवलेली चिंधी घट्ट बसव, चिप (कापलेला कीस) आत जायला नको. हायस्पीड स्टीलचं धारदार टूल, वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेरे, एका वेळी ०.०५ मि.मी., आणि फीड (टूल सरकवणं) भोकाकडून बाहेर, म्हणजे बर (कापताना कडेला उठणारी धातूची बारीक कोर) भोकात ओढली जात नाही. झाल्यावर चिंधी बुडाकडून रेटून तोंडातून काढ.

लेथची लांबी दोन्ही पद्धतींना कमी पडली तर जबरदस्तीनं बसवू नकोस. भोकात पायलट, म्हणजे वाट दाखवणारी पिन, जाणारा हातानं फिरवायचा कटर मिळतो, त्यानं छान कड निघते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

बर राहिली का ते डोळ्याला कळत नाही. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून कडेवरून आतून बाहेर फिरव, सगळ्या बाजूंनी. एक जरी तंतू कुठे अडकला तर तिथे बर आहे. ते करून झालं की मला फोन कर. तंतू कुठे अडकला, काट्यानं काय दाखवलं, सगळं सांग. मी जागाच असेन.

तुझे बाबा